बातमीदार फ्लॉरेन्सचा सिनेमा: ‘मिस्टरी ऑफ द वॅक्स म्युझियम’ (१९३३)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फिल्म क्लबात ‘मिस्टरी ऑफ द वॅक्स म्युझियम’ दाखवायचा विचार आहे, पण शोधताना दोन अगदी वेगळ्या दिसणाऱ्या प्रती हाती लागल्या. एक मातकट, तपकिरी. दुसरी हिरव्या-नारिंगी रंगांची. यातली खरी कोणती? रंग नंतर कुणी चढवलेत का? आणि हा मेणाच्या पुतळ्यांचा भयपट ‘वर्तमानपत्रातली स्त्री’ या विषयाखाली दाखवणं कितपत योग्य?

मी आधी फिल्म लॅबमध्ये आणि नंतर डिजिटल ग्रेडिंगमध्ये काम केलंय, शिवाय जुने सिनेमे लोकांसमोर लावून त्यावर बोलायचं कामही बरीच वर्षं करतेय. म्हणून उत्तर जरा लांबेल. पण आधी निकाल सांगते. जरूर दाखवा, आणि बातमीदार बाईचा सिनेमा म्हणूनच दाखवा. रंग अस्सल आहेत, १९३३ चेच आहेत.

गोष्ट सुरू होते १९२१ च्या लंडनमध्ये. इव्हान इगॉर हा मेणाचे पुतळे घडवणारा कलावंत. त्याचा जीव मारी आंत्वानेतच्या पुतळ्यात अडकलेला. व्होल्तेअर आहे, जोन ऑफ आर्क आहे. पण लोकांना हवे असतात खुनी आणि फासावर गेलेले, आणि ते करायला हा तयार नाही. धंदा बसतो. भागीदार जो वर्थ विम्याच्या पैशासाठी संग्रहालयाला आग लावतो, इगॉरला आत सोडून निघून जातो. पुतळ्यांचे चेहरे वितळत खाली घसरतात, डोळ्यांच्या खाचा उघड्या पडतात. नव्वद वर्षांनंतरही तो प्रसंग बघताना प्रेक्षक खुर्चीत सरळ होऊन बसतात.

मग सिनेमा एकदम बारा वर्षं पुढे, न्यूयॉर्कला उडी मारतो. १९३३ चं नवं वर्ष उगवण्याची रात्र, रस्त्यावर जल्लोष, आणि एका घरातून जोन गेल नावाच्या मॉडेलचं प्रेत बाहेर काढलं जातंय. इथून पुढे सिनेमा फ्लॉरेन्स डेम्प्सीचा. ती वर्तमानपत्रात बातमीदार आहे, आणि संपादक जिमनं तिला बजावलंय: बातमी आण, नाहीतर नोकरी गेली.

पोस्टरवर आणि श्रेयनामावलीत पहिलं नाव लायनेल ॲटविलचं (इगॉर), दुसरं फे रे हिचं, तिसरं ग्लेंडा फॅरेलचं (फ्लॉरेन्स). फे रे म्हणजे त्याच वर्षी ‘किंग काँग’मुळे जगभर पोचलेली अभिनेत्री. तिची शार्लट इथे सुंदर दिसते, इगॉरला तिच्यात आपली जळून गेलेली मारी आंत्वानेत दिसते, आणि ती किंचाळते. किंचाळण्यात तिला तोड नव्हती, हे मान्यच. पण तिच्या वाट्याला शोध नाही. शोध आहे तिच्यासोबत एकाच घरात राहणाऱ्या फ्लॉरेन्सकडे. तिसऱ्या क्रमांकाच्या नटीनं सबंध कथा पाठीवर वाहून नेली आहे, आणि हा सिनेमा भयपटांच्या यादीत गेल्यामुळे तिच्याकडे लोकांचं लक्षच जात नाही.

फ्लॉरेन्स कामाला कशी लागते ते नीट बघा. ती प्रेताच्या बातमीमागे जाते. संशयावरून जॉर्ज विन्टन या श्रीमंत तरुणाला पकडलेलं असतं, तर कोठडीत जाऊन त्याच्याशी बोलते, आणि त्याच्या बोलण्यावरूनच ठरवते की हा खुनी नाही. तेवढ्यात शवागारातून जोन गेलचं प्रेत नाहीसं होतं. पोलीस बुचकळ्यात, संपादक चिडलेला. आणि ही शार्लटबरोबर इगॉरच्या नव्या संग्रहालयात जाते. शार्लटचा प्रियकर राल्फ तिथे पुतळे घडवायला आहे, एवढंच निमित्त. समोर जोन ऑफ आर्कचा पुतळा. फ्लॉरेन्स थबकते.

हा प्रसंग मी शिकवताना थांबवून थांबवून दाखवते. इथे कुणी किंचाळत नाही, दार करकरत नाही, पार्श्वसंगीतही नाही (मुळात या सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच). एका बाईनं एक चेहरा पाहिला आणि तो आधी कुठेतरी पाहिलाय हे तिच्या ध्यानात आलं, बस. तोपर्यंत घडाघडा बोलणारी फॅरेल इथे गप्प होते, आणि तो क्षण गप्प राहिल्यामुळेच ठसतो. चेहरा लक्षात ठेवणं, फोटोशी ताडून बघणं, वेगळ्या बातमीतला धागा इथे जोडून बघणं, हे बातमीदाराचं रोजचं काम आहे, आणि रहस्य त्यानंच फुटतं. योगायोगानं तळघराचं दार उघडलं नि खुनी सापडला, असला प्रकार नाही. तळघर पुढे येतं, पण तिथवर ती स्वतःच्या तर्कानं पोचते. त्यातही एक गंमत आहे. ज्या पेटीत प्रेत असणार अशी तिची खात्री असते, त्या पेटीत निघते चोरटी दारू. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, ती उठली १९३३ च्या डिसेंबरात. तेव्हाच्या प्रेक्षकाला त्या पेटीचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नव्हता. आपल्या प्रेक्षकाला आधी एक वाक्य सांगून ठेवा.

खुनी कोण, हे मी लिहीत नाही. तुमच्या सभासदांना त्याचा अंदाज लवकर येईल, तरीही चेहऱ्याचा तो शेवटचा प्रसंग त्यांना आपापला बघू द्या.

बातमीदाराचं काम कथेच्या केंद्रात आहे म्हणते त्याला पुरावा आहे, आणि तो याच स्टुडिओनं पुढे वीस वर्षांनी दिला. १९५३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सनं हीच गोष्ट ‘हाऊस ऑफ वॅक्स’ या नावानं पुन्हा केली, थ्रीडीमध्ये, व्हिन्सेंट प्राइसला घेऊन. काळ मागे नेला आणि बातमीदार बाई काढून टाकली. सिनेमा चांगला चालला, प्राइसची कारकीर्द त्यानं वळवली. पण दोन्ही लागोपाठ पाहिले की कळतं काय गेलं ते. दुसऱ्यात भीती आहे, देखावा आहे, पण प्रश्न विचारणारं, लोकांच्या दारात पाय अडकवून उभं राहणारं माणूस नाही. (जाता जाता: त्याचे दिग्दर्शक आंद्रे डी टॉथ एका डोळ्यानं अधू होते, त्यांना स्वतःला थ्रीडीचा परिणाम दिसत नव्हता. पहिल्याचे मायकेल कर्टिझ आणि हे डी टॉथ, दोघेही मूळचे हंगेरीचे.)

उलट दिशेनंही बघता येतं. कर्टिझनी आदल्याच वर्षी, १९३२ मध्ये, ‘डॉक्टर एक्स’ केला होता. तेच ॲटविल, तीच फे रे, तोच दोन रंगांचा टेक्निकलर (रंगीत चित्रणाची तेव्हाची पद्धत), आणि त्यातही एक बातमीदार. पण तो पुरुष होता, ली ट्रेसीनं केलेला, आणि बराचसा हसवण्यापुरता. पुढच्या सिनेमात ती जागा फॅरेलकडे आली आणि भूमिकेचं वजनच बदललं.

वजन बदलायला काळही कारण आहे. अमेरिकन वर्तमानपत्रांत स्त्रिया होत्या. नेली ब्लाय १८८७ मध्ये वेड्याचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात शिरली होती आणि आतली हकिकत तिनं छापून आणली होती. पण पन्नास वर्षांनंतरही बहुतेकींना लग्नकार्यांची, पोशाखांची, नाहीतर रडवणाऱ्या कहाण्यांची पानं दिली जायची. पडद्यावर मात्र बोलपट आले आणि भराभर बोलणाऱ्या नट्यांची गरज पडली. वर्तमानपत्राची कचेरी ही त्यासाठी सोन्यासारखी जागा होती: टाइपरायटर, फोन, घाई, भांडण. शिवाय १९३४ च्या जुलैपासून पडद्यावर काय चालेल नि काय नाही हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली, आणि हा सिनेमा त्याच्या आधीचा. फ्लॉरेन्स दारू पिते, पोलिसाला त्याच्या खासगी आयुष्याबद्दल असा एक प्रश्न बिनदिक्कत विचारते की जो पुढची कित्येक वर्षं हॉलिवूडच्या पडद्यावर ऐकू येणं शक्य नव्हतं. तिला त्याची शिक्षा म्हणून कथेत काहीही भोगावं लागत नाही. ही गोष्ट सभासदांच्या नजरेस आणून द्या.

आता रंग. माझ्या जिव्हाळ्याचा भाग हा आहे.

टेक्निकलरची तेव्हाची पद्धत दोन रंगांची होती. कॅमेऱ्यात भिंगामागे प्रिझम असे. तो येणारा प्रकाश दोन वाटांनी फोडी: एक लाल गाळणीतून, एक हिरव्या गाळणीतून. एकाच कृष्णधवल निगेटिव्हवर दोन्ही चित्रं एकाच क्षणी, शेजारशेजारच्या चौकटींत उमटत. म्हणजे कॅमेऱ्यात रंगीत फिल्म नव्हतीच. लॅबमध्ये त्या दोन नोंदी वेगळ्या करून प्रत्येकीचा जिलेटिनचा उठाव तयार होई, तो रंगात बुडवला जाई आणि कोऱ्या फिल्मवर दाबला जाई. कापडावर ठसे मारतात तसा, आधी एक रंग, मग त्याच्यावर नेमका दुसरा. लाल गाळणीची नोंद निळसर हिरव्या रंगात छापायची, हिरव्या गाळणीची नारिंगीकडे झुकणाऱ्या लाल रंगात. सगळा सिनेमा या दोन शाईंतून उभा राहतो.

त्यामुळे काय मिळतं आणि काय मिळत नाही हे ठरलेलं आहे. कातडीचा रंग सुरेख येतो. हिरवट सावल्या, गुलाबी, तांबूस, समुद्री हिरवा, हे सगळं येतं. खरा निळा येत नाही, आकाश बघाल तर हिरवट दिसेल. धमक पिवळा येत नाही, जांभळा नाहीच. आता विचार करा: ज्याची गोष्ट मेणाच्या कातडीची आहे, आगीची आहे, अंधाऱ्या प्रयोगशाळेची आहे, त्याला आणखी काय हवं? कॅमेरामन रे रेनाहन आणि कला-दिग्दर्शक अँटन ग्रोट यांनी ही मर्यादा ओळखून सेट रंगवले, कपडे निवडले, दिव्यांची जागा ठरवली. शेवटाकडे तळघरातल्या उकळत्या मेणाच्या कढईभोवती जो हिरवा-तांबूस उजेड आहे, तो तीन रंगांच्या पद्धतीत असा आला नसता. रेनाहन पुढे ‘गॉन विथ द विंड’साठी ऑस्करचे मानकरी झाले, पण मला त्यांचं हे काम जास्त आवडतं, कारण इथे हाताशी कमी होतं.

तीन रंगांची पद्धत १९३२ मध्ये डिस्नेच्या एका कार्टूनपटात येऊन गेली होती, पूर्ण लांबीच्या कथापटाला ती १९३५ मध्ये मिळाली. म्हणजे आपला सिनेमा दोन रंगांच्या वाटेवरच्या शेवटच्या मोठ्या सिनेमांपैकी एक. या पद्धतीला उजेड अफाट लागे, सेटवर भट्टीसारखी उष्णता होई. खरे मेणाचे पुतळे तिथे टिकेनात, म्हणून बऱ्याच दृश्यांत जिवंत माणसं पुतळे बनून उभी आहेत. बारकाईनं बघितलं तर एखादी पापणी हललेली दिसते. कुणाला ती चूक वाटते. मला तर या कथेत ते फारच भिववणारं वाटतं.

मराठी सभासदांना इथे एक दुवा सांगण्यासारखा आहे, आणि तो खरा आहे. त्याच १९३३ साली आपल्या प्रभात कंपनीनं ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला होता. व्ही. शांताराम त्याच्या प्रक्रियेसाठी आणि प्रतींसाठी जर्मनीला गेले. रंग मनासारखे आले नाहीत, प्रयोग फसला, आणि देशातच तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट म्हणून मान मिळाला तो १९३७ च्या ‘किसान कन्या’ला. कोल्हापूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवत असलेली एक कंपनी आणि वॉर्नरसारखा धनाढ्य स्टुडिओ एकाच सुमारास एकाच अडचणीशी झुंजत होते, हे कळलं की त्या हिरवट आकाशाकडे बघण्याची नजर बदलते.

आता तुमच्या दोन प्रती. हा सिनेमा १९४० च्या दशकानंतर हरवलाच होता. बघितलेल्या लोकांच्या आठवणीत तो मोठा होत गेला, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस जॅक वॉर्नर यांच्या खासगी संग्रहात नायट्रेटची (म्हणजे तेव्हाच्या ज्वालाग्राही फिल्मची) एक रंगीत प्रत सापडली. तिच्यावरून ज्या नकला निघाल्या, त्यांच्या पुन्हा नकला निघाल्या, त्या टीव्हीवर आणि व्हिडिओवर फिरल्या. नकलेची नकल काढताना पहिला बळी जातो तो सावल्यांचा आणि हिरव्याचा. तुम्हाला सापडलेली मातकट, तपकिरी प्रत त्या वंशातली. अनेक वर्षं लोकांनी तीच पाहून ‘दोन रंगांचा टेक्निकलर म्हणजे असलाच’ असं ठरवून टाकलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हिरव्या-नारिंगी रंगांची प्रत बहुधा नव्या जीर्णोद्धाराची. यूसीएलएच्या (लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) फिल्म आणि टेलिव्हिजन संग्रहानं, जुने सिनेमे जपणाऱ्या द फिल्म फाउंडेशन या संस्थेबरोबर तो केला. वॉर्नर यांची प्रत हा मुख्य आधार, आणि जिथे ती तुटलेली किंवा खराब होती तिथे फ्रान्सकडची एक दुसरी नायट्रेट प्रत कामी आली. २०२० मध्ये वॉर्नर आर्काइव्हनं त्याची ब्लू-रे काढली. तीच मिळवा. तिची लांबी सुमारे ७७ मिनिटं आहे.

मिळवून मग टीव्हीवर लावताना घात करू नका, कारण मी तो अनेक ठिकाणी होताना बघितलाय. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड बंद करा. त्यात सेट निळा रंग जबरदस्तीनं वर काढतो, आणि जिथे निळा मुळातच नाही तिथे चेहरे राखेसारखे होतात. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा, रंगाचं तापमान ‘वॉर्म’ ठेवा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद करा. चित्र जवळजवळ चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. कुणी ताणून भरायला सांगितलं तरी ऐकू नका. प्रोजेक्टर असेल तर खोली खरीच अंधारी करा, पडद्याच्या फटीसकट, कारण या सिनेमातलं निम्मं काम काळोखात आहे. इंग्रजी उपशीर्षकं लावाच. फॅरेल आणि संपादक जिम (फ्रँक मॅकह्यू) यांची जुगलबंदी इतकी भरधाव आहे, आणि १९३३ ची बोली इतकी जुनी, की इंग्रजी उत्तम येणाऱ्यांचेही शब्द निसटतात.

शेवटाबद्दल तुमच्याकडे वाद होईल, होऊ द्या. रहस्य सुटतं, फ्लॉरेन्स बातमी घेऊन कचेरीत येते, आणि संपादक तिला म्हणतो की हे सगळं सोड, माझ्याशी लग्न कर. श्रीमंत विन्टनही तिच्यासाठी तयार आहे. ती जिमला होकार देते, आणि सिनेमा संपतो. अनेक जणी इथे वैतागतात, आणि त्यांचं चुकत नाही. तासभर सगळ्यांना नाचवणाऱ्या बाईला शेवटच्या मिनिटात संसाराच्या दारात उभं करायचं, हा तेव्हाच्या स्टुडिओंचा ठरलेला मार्ग. माझं मत जरा वेगळं आहे. ती पैशाला नकार देऊन कचेरीला निवडते, भांडणाला निवडते. फॅरेल तो होकार लाजून देत नाही, पैज स्वीकारल्यासारखा देते. पटकथेनं तिला बांधलं, नटीनं गाठ सैल ठेवली.

आणि फॅरेलनं पुढे काय केलं ते पाहिलं की हे जास्त पटतं. १९३७ मध्ये ‘स्मार्ट ब्लाँड’ आला. त्यात ती टॉर्ची ब्लेन नावाची बातमीदार होती. मूळ कथा फ्रेडरिक नेबेल यांच्या. त्यांत पोलीस अधिकाऱ्याचा जोडीदार केनेडी नावाचा पुरुष बातमीदार होता, स्टुडिओनं त्याची बाई केली. १९३९ पर्यंत या मालिकेचे नऊ सिनेमे निघाले, सातांत फॅरेल. प्रत्येकात पोलीस अधिकारी स्टीव्ह मॅकब्राइडशी तिचं लग्न ठरलेलं, आणि नवाही सिनेमांत ते लागत नाही, कारण दर वेळी एखादी बातमी आडवी येते. एका भागात टॉर्ची झाली होती लोला लेन. सुपरमॅनचे एक जनक जेरी सीगल यांनीच पुढे सांगितलं की लोइस लेनचं नाव आणि स्वभाव त्यांना इथून सुचला. तुमच्या क्लबातल्या तरुण मंडळींना ही माहिती देऊन बघा, टॉर्ची बघायला ती आपणहून येतील.

‘स्मार्ट ब्लाँड’ तासाभराचाच आहे. एकाच संध्याकाळी दोन्ही लावायचे असतील तर आधी तो लावा, मध्ये चहा, मग ‘वॅक्स म्युझियम’. उलट केलंत तर वितळलेल्या चेहऱ्यांनंतर टॉर्चीची हलकीफुलकी धावपळ फिकी पडेल.

दोन गोष्टी सुरुवातीलाच बोलून घ्या. इगॉरचे भाजलेले हात, त्याची चाकांची खुर्ची, ह्यूगो हा मूकबधिर साहाय्यक: शरीरातलं व्यंग म्हणजेच भीती, हे समीकरण या सिनेमात सर्रास आहे, आणि ते आज टोचतं. दुसरं, एका व्यसनी माणसाला त्याचं अमली द्रव्य मिळू न देता पोलीस कबुली काढून घेतात, आणि सिनेमाला त्यात काही गैर वाटत नाही. यावर खेळानंतर बोलायला वेळ राखून ठेवा, वीस मिनिटं तरी. लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांना आगीच्या प्रसंगाची पूर्वसूचना द्या. तो अगदी सुरुवातीलाच आहे, उशिरा सांगून उपयोग नाही.